साडेदहाची भरती

ये गो सायली, अशी जवळ येऊन बस. विरारहून बसता येत नसेल तर मनाने तरी बस, आणि आधी मी सांगते ते ऐकून घे, मग रड काय रडायचं ते. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, "हिचा आजा संपात फुटला होता, भरतीला गेला होता," आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. चार दिवस कुणाशी बोलली नाहीस आणि पाचव्या दिवशी मला फोन करून विचारलंस, "शालूआत्या, खरं आहे का हे?" मी म्हटलं, लिहून कळवते, तर ठेवलास फोन फाडकन. एवढी बँकेत ऑफिसर झालीस, दिवसभर लोकांना समोर बसवून शांतपणे समजावतेस, आणि स्वतःच्या आजोबांबद्दल कुणी एक वाक्य टाकलं तर उभ्या उभ्या विश्वास ठेवतेस? माझ्याशी तरी भांडायचंस. भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. का ते पुढे येईलच.

महादेवकाका, म्हणजे तुझे आजोबा, लालबागच्या आमच्या चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. त्या दिवसाबद्दल सांगू शकतील अशी माणसं एकेक करून गेली, आता मीच उरले. मी बी.ए. झाले हे खरं, पण लिहायला मला कुणी शिकवलं नाही. बोलते तसं लिहिते. मध्येच भरकटले तर सांभाळून घे.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि मी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याआधी आमच्या चाळीत सगळे पुरुष एका वेळी घरी असे कधी दिसलेच नव्हते. तीन पाळ्यांत गिरण्या चालायच्या, तेव्हा कुणी कामावर, कुणी निजलेला, कुणी अंघोळीला. संपात एकदम सगळे घरी. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचे पाय मावेनात, म्हणून गॅलरीत यायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. दिवसभर चपलांची फटफट. आणि एक आवाज मात्र गेला, तो अजून मला आठवतो. आमची सगळी कोकणातली बिऱ्हाडं, संध्याकाळी घराघरांतून पाट्यावर ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटल्याची घरघर यायची. तो आवाज कमी कमी होत थांबला. कुळथाची पिठी आणि भात, नाहीतर पेज आणि भाजलेली सुकट. खोबऱ्याशिवायची आमटी आई पानात वाढताना मान वर करायची नाही, जणू तिनेच काही चोरलंय.

आमचे आबा साचेवाले. कापड विणायच्या मागांना गिरणीत साचे म्हणत. त्या साच्यांच्या खडखडाटात वीसएक वर्षं काढली तेव्हा कान गेले. आतमध्ये ही माणसं एकमेकांशी हाताच्या खुणांनी बोलायची आणि समोरच्याचे ओठ वाचायची. घरी मात्र आबा आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू यावं म्हणून ओरडून बोलायचे. आमच्या घरात गुपित असं काही राहायचंच नाही. आई म्हणायची, "आमच्याकडे रेडिओ कशाला हवा? तुझो बापूस आसा."

मी भूगोल घेतला तेव्हा आईने विचारलं होतं, "ह्यां शिकान काय पोस्टात लागतलंस?" तुला सांगते, मला एका जागी बसवत नसे. शाळेत पायाला भिंगरी म्हणून छड्या खाल्ल्या. आणि कॉलेजात पहिल्या वर्षी प्राकृतिक भूगोल सुरू झाला, तेव्हा कळलं की जमीनसुद्धा एका जागी बसत नाही. डोंगर झिजतो, नदी ती माती उचलते, दुसरीकडे नेऊन टाकते, समुद्र किनारा खातो आणि पलीकडे वाळूची जीभ काढून ठेवतो. पुस्तकं इंग्रजी, मी मराठी शाळेतली. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान चावत चावत वाचायची. आबांना रात्री जेवताना सांगायची, ओठ नीट हलवून. खडक झिजतो हे त्यांना फार पटलं. म्हणाले, "म्हणजे साच्याच्या पट्ट्यासारखो." पण समोच्च रेषांचा नकाशा पाहून म्हणाले, "ह्यो कुणाच्या अंगठ्याचो ठसो?" नकाशावर डोंगराची उंची अशाच गोल गोल रेषांनी दाखवतात, काय चुकलं त्यांचं!

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने बाहेर जाऊन एक निरीक्षण करायचं आणि त्याचं जर्नल लिहायचं असे. जर्नलवर मॅडमची सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर पदवी नाही. बरोबरच्या मुली नद्या बघायला घाटात गेल्या. मला पायी जाता येईल असा एकच भूगोल होता, तो म्हणजे समुद्र. मी ठरवलं, वरळी कोळीवाड्याच्या आतल्या बाजूला, जिथे होड्या लागतात आणि लाटा फारशा नसतात, तिथल्या धक्क्याच्या एका पायरीवर खुणांची काठी उभी धरायची आणि ओळीने पंधरा दिवस भरतीचं पाणी कुठवर चढतं ते लिहायचं. मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे. पण एकही दिवस चुकता कामा नये. चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढे दिवस आता तुझ्याकडे नाहीत."

आबांनी एक बांबू तासून दिला, त्यावर लाल-पांढरे पट्टे रंगवले, सेंटिमीटरच्या खुणा स्वतः कोरल्या. रिकाम्या हातांना काम मिळालं होतं. आदल्या संध्याकाळी खोलीच्या मधोमध काठी आडवी ठेवून शेवटचा हात देत होते आणि मी दाराशी उभी राहून त्यांना सांगत होते.

"किती वाजता म्हणालंस?"

"साडेदहाला."

"उद्या भरती साडेदहाक?" आबा ओरडले. "मगे मी पण येतंय! घराक बसान कंटाळलंय. कोणाक सांगू नको, उगाच गर्दी होतली!"

ते शेवटचं वाक्य त्यांनी गमतीनं म्हटलं होतं, समुद्रावर कसली आलीय गर्दी. पण बाहेर गॅलरीतल्या चपला एकदम थांबल्या. मला तेव्हा काही जाणवलं नाही. आज तुला ते कसं कळावं, म्हणून सांगते. त्या दिवसांत गिरणगावात भरती या शब्दाचा एकच अर्थ होता. मालक लोक अधूनमधून गेट अर्धं उघडायचे आणि संप मोडून कामाला येणाऱ्यांना आत घ्यायचे, त्याला भरती म्हणत. जो गेला तो फुटला. फुटलेल्याच्या बायकोला नळावर कुणी बादली लावू देत नसे. आणि मी चार महिने भूगोलाच्या पुस्तकात डोकं घालून बसलेली, माझ्या डोक्यात भरती म्हणजे चंद्र.

अर्ध्या तासाने तुझी आजी, सुलभाकाकू, दारात आली. हातात वाटी, वाटीत सुकटीची चटणी. त्या दिवसांत कुणी कुणाला वाटी देत नव्हतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वाटी माझ्या हातात दिली आणि अगदी कानाशी येऊन पुटपुटली, "शालू, उद्या ह्यांना पण घेऊन जा हां. आबांना सांग. ह्यांचं पण होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, "हो, येऊ देत की! तेवढंच मोकळं वाटेल त्यांना."

काकूने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हिला ताप आहे की काय. डोळे भरून आले तिचे. "कोणाला बोलू नको," म्हणाली आणि गेली. मी मनात म्हटलं, समुद्र बघायला जायचं तर एवढं काय लपवायचं. आबा काठी पुसत होते, तोंड आमच्याच बाजूला होतं.

सकाळी नऊला निघालो. मी पुढे, आबा काठी खांद्यावर घेऊन मागे. जिन्यात परबकाका उभे. परबकाका आमच्याच गावचे, संपाच्या कमिटीतले, आबांचे जुने दोस्त. जिना अडवून उभे होते.

"शंकरा, खंय चललंस?"

"भरतीक!" आबा खणखणीत आवाजात म्हणाले. "बाजूक हो, उशीर झालो तर चुकतली."

परबकाकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते बाजूला झाले. एवढा धीट फितूर त्यांनी जन्मात पाहिला नसावा. आम्ही रस्त्याला लागलो, तेव्हा मागे पंधरावीस पावलांवर महादेवकाका येताना दिसले. दाढी घोटलेली, पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा. मी हात केला तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. लाजले असतील, म्हटलं. परळला त्यांच्या गिरणीचं गेट आलं, तसे ते थबकले. आबांनी मागे वळून पाहिलं आणि चालत राहिले. काका पुन्हा मागे. पूल ओलांडला, आणखी एक गेट आलं, काका पुन्हा थबकले, आबा पुन्हा पुढे. प्रभादेवीच्या बाजूला तिसरं गेट. तेही गेलं. मग वाळत घातलेल्या मासळीचा वास आला आणि समोर पाणी.

मी धक्क्यावर सामान मांडलं आणि मागे पाहिलं. महादेवकाका होड्यांच्या आडोशाला उभे होते. पाण्याकडे बघत होते, मग काठीकडे, मग माझ्याकडे. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, आणि त्या खिशातून लाल कोपरा डोकावत होता. गिरणीचा पास. तो लाल रंग गिरणगावातलं शेंबडं पोरही ओळखतं. तेव्हा कुठे मला काकूची वाटी कळली. रस्ताभर थबकलेली ती पावलं कळली. एवढ्यात कोळीवाड्याच्या गल्लीतून परबकाका आणि कमिटीचे आणखी दोघे बाहेर पडले. गेटागेटांवर आम्हाला शोधून, लाल-पांढऱ्या काठीचा माग विचारत ते इथवर आले होते.

"खंय आसा तुमची भरती?" परबकाका धापा टाकत म्हणाले.

जाळं दुरुस्त करत बसलेली एक कोळीण खो खो हसायला लागली. "आरं बाबा, डोले फुटले का तुजे? ही कय समोर! आज चवदस, साडेदहाला पानी भरनारच!"

परबकाकांनी पाण्याकडे पाहिलं. मग होड्यांकडे त्यांची नजर गेली. "महादेव? तू हंय कित्याक इलंस?"

महादेवकाकांनी खिशावर हात दाबून धरला. खरं सांगायचं तर त्या एका क्षणात त्यांचं सगळं पुढचं आयुष्य अडकलं होतं. नळ, जिना, पोरांची शाळा, गावचं देऊळ. मी आबांकडे पाहिलं. आबा परबांच्या मागे उभे होते. त्यांनी दोन्ही हातांच्या तर्जन्या वर करून एकमेकींपासून लांब नेल्या आणि मग पीळ दिल्यासारख्या जवळ आणल्या. साच्यावर तार तुटली की शेजारच्याला अशी खूण करतात. तुटली आहे, सांध.

"काका, काय हे!" मी ओरडले. "मी केव्हाची एकटी काठी धरून उभीय आणि तुम्ही तिथे हवा खाताय? परबकाका, ह्यांना मीच बोलावलंय. मी साडीत, मला पाण्यात उतरता येत नाही. आबांना मी काय ओरडते ते ऐकू येत नाही. काठी धरायला माणूस नको?"

महादेवकाका चालत आले, माझ्या हातातून काठी घेतली आणि चपलांसकट, त्या कडक इस्त्रीच्या लेंग्यासकट पायरी उतरले. परबकाका विचारत होते, हे कशाला, ह्याने काय होणार, पदवी कोण देणार, आणि मी तोंडाला येईल ते सांगत होते, चंद्र, सूर्य, अमावास्या. भरतीचं पाणी चढतं, सर्वांत वर गेलं की जरासं थांबतं, आणि उतरायला लागतं. तो थांबलेला क्षण वाचायचा असतो. मी बोलता बोलता घड्याळ पाहिलं तर पावणेअकरा. पाणी चार बोटं उतरलं होतं. पहिल्याच दिवशी माझी नोंद गेली. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

"पोरी," महादेवकाका म्हणाले. सकाळपासून तोंडातून निघालेला हा त्यांचा पहिला शब्द. "मी हललंय नाय. लेंगो बघ."

गुडघ्याच्या खाली, पांढऱ्या लेंग्यावर ओल्याची सरळ रेघ उमटली होती. त्यांनी काठी पायाला टेकवून धरली आणि मी वाकून वाचलं. बेचाळीस. परबकाकांनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. "शंकरा, तुझ्या भरतीन माका रातभर झोप नाय दिली रे!" आबांनी ओठ वाचले आणि ओरडले, "मगे उद्या पण ये! उद्या सव्वा अकराक!" परबांनी तो लाल कोपरा पाहिला होता का? मला कधी कळलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

घरी जाताना मी आबांना ओठ हलवून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, काकूचे ओठ त्यांनी दारातच वाचले होते. "मगे बोललात का नाय?" आयुष्यात पहिल्यांदा आबा हळू आवाजात बोलले. "बोललंय असतंय तर तो खऱ्या गेटार गेलो असतो."

तुझे आजोबा पंधराही दिवस आले, सायली. सगळ्या चाळीसमोर आता ते माझे मदतनीस होते, त्यामुळे यावंच लागलं. पण चौथ्या दिवसापासून माझ्याआधी तयार होऊन दारात उभे राहायचे. भरती रोज पाऊण तास पुढे जाते, त्यावर त्यांचा भारी राग. "ही कसली पाळी गो? पाळीक काय येळ-काळ नको?" धक्क्यावर उभे राहून खड्या आवाजात आकडा सांगायचे, मी लिहिलेला बरोबर आहे का ते वाकून बघायचे. भांगाचे दिवस आले, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, तेव्हा परबकाका म्हणाले, "ह्यो समुद्राचो संप." महादेवकाका खूप दिवसांनी हसले. पंधराव्या दिवशी आकडा लिहून झाला, तशी त्यांनी काठी धुतली, पुसली आणि विचारलं, "उद्या किती वाजता?"

मी म्हटलं, "काका, उद्या नाही. झाले पंधरा दिवस."

"असां?" म्हणाले. आणि तरी काठी सोडली नाही हातातून. मी वीस वर्षांची, मला काय सुचणार? मी वही पिशवीत घातली. आजही रस्त्यात एखादा पुरुष उगाच काहीतरी हातात धरून उभा दिसला की मी पुढे जाऊ शकत नाही, काहीतरी विचारतेच.

तोंडी परीक्षेत मला विचारलं, पहिल्या दिवसाची नोंद इतकी नेमकी कशी? मी म्हटलं, लेंग्यावरून. परीक्षक चष्मा काढून हसले, पण मॅडमची सही होती. मी पास झाले.

महादेवकाका गेटवर कधी गेले नाहीत. महिन्याभरात काकूला आणि तिन्ही पोरांना, त्यातला थोरला तुझा बाबा, घेऊन गावी गेले. तिथेही निभेना म्हणून परत आले आणि एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. आता हे नीट ऐक. त्या सकाळी ते फुटायला निघाले होते. ते मी तुला लपवणार नाही, कारण तीन पोरांच्या बापाने निघणं यात मला लपवण्यासारखं काही दिसत नाही. निघाले होते, आणि गेले नाहीत.

आणि हेही ऐक, ह्यासाठीच एवढं लिहिलं. काका गेल्यानंतर काही वर्षांनी एका बारशाला आम्ही जुने चाळकरी जमलो होतो. माझं तोंड तुला ठाऊकच आहे. सगळे हसत होते, मला राहवलं नाही. मी सांगितलं, "आमचे महादेवकाका एकदा भरतीला निघाले आणि पोचले समुद्रावर!" हशा पिकला. इतका पिकला की पुढचं मी सांगितलंच नाही. लेंग्यावरची रेघ नाही, पंधरा दिवस नाहीत. लोक हसत घरी गेले आणि जाताना एवढंच घेऊन गेले की महादेव भरतीला निघाला होता. पुढे "निघाला"चं "गेला" झालं. पंगतीत तुला जे ऐकावं लागलं ते माझ्या तोंडातून सुटलेलं आहे, गो. पंधरा दिवस मी ज्यांना झाकलं, त्यांना एका संध्याकाळी टाळ्यांसाठी उघडं पाडलं.

ह्याची माफी कागदावर मागून भागत नाही, आणि फोनवर तू ठेवून देशील. माझे गुडघे मला विरारपर्यंत येऊ देत नाहीत, नाहीतर पत्र न लिहिता मीच तुझ्या दारात उभी राहिले असते. पंगतीत बोलला तो कोण, ते मी शोधून काढलंय, परबांचा पुतण्या आहे. त्याला रविवारी जेवायला बोलावलंय. मला जे सांगायचंय ते त्याच्यासमोर, तुझ्या देखत सांगायचंय, आणि या वेळी शेवटपर्यंत. हशा पिकला तरी थांबणार नाही. तेवढी ये. रागावून आलीस तरी चालेल, पण या रविवारी ये.